एलिसची पाठ

"नगरसेवकसाहेब, आमच्या पाठी धुवायला निघालात. स्वतःची कधी धुतलीत का?"

इदवलनं विचारलं आणि सभेत हशा उसळला. खाणीच्या तोंडाशी न्हाणीघर बांधायचं की नाही, यावर खाणकामगार आज हात वर करून मत देणार होते. एलिसनं त्यासाठी वर्षभर घसा कोरडा केला होता. पण पाठ धुतली की कमजोर होते, हे आमच्या खोऱ्यात पोरंसोरंही जाणतात. बाकी अंग घासायचं, पाठीवरचा कोळसा तसाच ठेवायचा. त्यात एलिसची पाठ म्हणजे काय साधी! वेल्सच्या पहिल्या-पहिल्या रग्बी संघांत इंग्लंडला रेटणारी पाठ ती. नगरसेवक झाला तरी त्याची कुदळ सुटली नव्हती.

"काल धुतली," एलिस म्हणाला.

हशा विरला. वर सज्जात बायका बसल्या होत्या. एलिसच्या मार्गेडनं डोळे मिटून घेतले. काल तिनं किती विनवलं होतं, "नको रे, खाणीत उभा कसा राहशील?" त्यावर तो म्हणाला होता, "माझ्या आंघोळीसाठी रोज पाण्याचे हंडे उचलून तुझी पाठ मोडली, त्याचं काय?" मग रडत रडतच तिनं साबण लावला होता.

एलिसनं कोट काढला, सदरा काढला आणि वळला. सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी पाठ.

"ये इदवल, रेट. हललो तर न्हाणीघराचं नाव काढणार नाही."

इदवल त्याच्याच जुन्या संघातला. सामन्यात एलिसच्या मागून रेटायचा तो. बाह्या सरसावून पुढे आला. खांदा लावण्याआधी त्याची नजर सज्जाकडे गेली. तिथे त्याची बायको ओलवेन बसली होती. परवा त्याच्या आंघोळीचा उकळता हंडा कलंडला, तेव्हापासून तिच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

खांदा टेकला. इदवल कण्हू लागला, चेहरा लालबुंद झाला, बूट फळ्यांवर करकरले. माणसं बाकांवर चढून बघू लागली. एलिसनं दात आवळले. साठीला टेकलेला माणूस. आता पडलो तर सगळंच बुडालं, एवढंच त्याच्या मनात.

पण पाठीवर भार येईचना. झोपलेलं मूल खांद्यावर मान टाकतं, तेवढाच.

"हलत नाही रे म्हातारा!" इदवल ओरडला. आणि त्या पाठीला टेकल्या टेकल्याच पहिला हात त्यानं वर केला.