गरुडानं नेलेली शेळी

"श्रुतीबेन, मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसायचा नाही. पण कोंडाबाईची शेळी हवेतून गेली!" नथूनं आभाळाकडे बोट केलं.

शेळी गेल्याचं कानावर आल्यानं वनरक्षक श्रुती आली होती; तिनं नुकतीच मोटरसायकल उभी केली होती. डोक्यावरचं हेल्मेटही अजून उतरलं नव्हतं. तिनं आभाळाकडे पाहिलं. तिथं गलोंड्याच्या कारखान्यांचा धूर तेवढा होता.

"गरुड! मधुबन धरणाकडून आला. पंख उघडले तशी अख्ख्या पाड्यावर सावली पडली. कोंबड्यांना वाटलं सांज झाली, त्या आपल्या मुकाट खुराड्यात जाऊन बसल्या. त्यानं शेळी उचलली आणि निघाला. वरून बें बें करत होती बिचारी. दमणगंगेपार गेली तरी ऐकू येत होती."

जमलेली माणसं हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. नथूच्या थापा पाड्याच्या अंगवळणी पडलेल्या. एकदा म्हणे त्याच्या बैलांऐवजी एका खेकड्यानंच नांगर ओढला होता, आणि वर चांगली खोल नांगरट केली होती. त्या थापांवर पाडा पोट धरून हसायचा. आज मात्र थाप पचली नाही, तर पिंजरा येणार होता.

झालं होतं असं की टोकरखाड्याच्या सोसायटीतल्या एका साहेबाला कंपनीतून घरी जाताना रस्त्यात बिबट्या दिसला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तो सगळ्या सिल्वासाभर फिरला, मग अर्ज झाले, आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं, की आता बिबट्यानं एखादं जनावर मारलं तर पिंजरा लावायचा. पलीकडच्या पाड्यावर असाच लावला होता. बिबट्या गेला आणि रानडुकरांना रान मोकळं झालं. पोटरीला आलेलं भात त्यांनी लोळवून टाकलं. तिथली तरणी पोरं आता गलोंड्यात पोती उचलतात.

ज्याचं जनावर गेलं त्यानंच आधी बोलायचं, अशी पाड्याची रीत. तोवर बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. नथूनं आज ती रीत मोडली होती, कारण कोंडाबाई काय बोलेल याची त्याला धास्ती होती.

कोंडाबाई त्याची विधवा भावजय. घरात ती आणि तिची शेळी, एवढाच संसार. शेळी गाभण होती. करडं विकून पावसाआधी घरावर पत्रे घालायचे, असं तिनं ठरवलं होतं. सकाळी ओहोळाकाठच्या करवंदीच्या जाळीत नथूला ती शेळी सापडली. गळ्यात सुळे रुतलेले. ओल्या मातीत मोठे पंजे, आणि त्यांच्या मागेमागे इवलेइवले, लिंबाएवढे पंजे. नथूनं घाईघाईनं खड्डा केला, शेळी पुरली आणि पळसाच्या डहाळीनं सगळ्या खुणा पुसल्या. मागे वळून बघतो तर कोंडाबाई उभी. सगळं पाहत होती.

"तुमचं भात राखायचं म्हणून माझी शेळी होय रे, नथ्या?" ती म्हणाली होती. "मला कुठं शेत आहे?"

नथूनं हातातली डहाळी ओहोळात टाकली आणि तो पाड्याकडे निघाला.

आता ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. गरुडाची गोष्ट तिनं सगळी ऐकली होती, आणि एकदाही हसली नव्हती.

"नथूकाका," श्रुती म्हणाली, "गरुडाला कोंबडीचं पिल्लू उचलताना मी पाहिलंय. शेळी जरा जास्तच होते."

"तो तुमच्या नाशिकचा गरुड असेल, बेन. आमच्याकडचे अंगानं मोठे असतात."

श्रुतीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. ती कोंडाबाईकडे वळली. "आजी, मालकीण तुम्ही. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. बिबट्यानं मारली असेल तर तसं सांगा. भरपाई मिळेल, दुसरी शेळी घेता येईल, तुमचा हक्कच आहे तो. पण मग पिंजरा लावावा लागेल. ते माझ्या हातात नाही."

सगळा पाडा कोंडाबाईच्या तोंडाकडे बघू लागला.

"पिंजऱ्यात काय बांधता, बेन?" कोंडाबाईनं विचारलं.

"शेळी."

"जिती?"

"हो आजी. ती ओरडते, म्हणून तो येतो."

कोंडाबाईनं अंगणातल्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि लेकुरवाळी मादी घावली तर? तिच्या पिलांचं काय करता?"

नथूला वाटलं, संपलं. आता वेगळं सांगायला उरलंच काय?

श्रुतीनं हेल्मेट काढलं आणि काखेत धरलं. "शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाहीत."

पलीकडच्या रस्त्यानं कारखान्याचा ट्रक धडधडत गेला. कोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती चौकट सोडून अंगणात आली.

"हा म्हातारा खोटं बोलतोय," ती म्हणाली.

नथूनं डोळे मिटून घेतले.

"जन्मभर थापाच मारल्या मेल्यानं! कसला गरुड आणि कसलं काय! शेळी माझी मीच विकली, बेन. कालच. दादऱ्याच्या खाटकाला."