ट्रे काही भरेना

"दीदी, खरं सांग, तुले हे काम येते तरी का?"

दीदीला ते येतच नाही, अशी शाळेतल्या मैत्रिणींनी शर्त लावली होती, म्हणून रुचीने विचारून टाकलं.

मोठ्या बहिणीने, नूतनने, लॅपटॉपवरची नजरही हलवली नाही. "येते थोडंथोडं."

स्क्रीनवर धानाच्या रोपांचा ट्रे होता. साचा कापायच्या आधी प्लास्टिक त्यात नीट भरेल का, हे नूतन सॉफ्टवेअरमध्ये तपासायची. ट्रेचे बारीक बारीक त्रिकोण पाडायचे, मग वितळलेलं प्लास्टिक कसं पसरतं ते सॉल्व्हर मोजणार. पण सॉल्व्हर रोज अर्ध्यातच थांबायचा आणि लाल अक्षरांत एरर यायची.

नागपूरच्या कंपनीचं हे काम संपलं की नूतनच्या लग्नाची तारीख काढायची, असं ठरलं होतं. कोहमाऱ्याच्या पाहुण्यांना नोकरीवाली सून नको होती. हातातलं तेवढं उरकू द्या, एवढंच त्यांनी मान्य केलं होतं.

"झालं का वं?" आईने आतून विचारलं.

"नाही. एरर आली."

"रोजरोज काऊन येते? कोहमाऱ्याहून सारखे फोन येऊन राहिले."

"कंपनीवाले हाकलतीन हिले एखाद्या दिवशी," बाबूजी हसले.

नूतन हसली नाही. चिडलीही नाही. ताट वाढलं की जेवायची, पुन्हा येऊन बसायची.

चेव आला तो रुचीला! शाळेतून आली की ती त्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघत बसायची. शेवटी तिनेच शोधून काढलं, कोपऱ्यातले दोन त्रिकोण एकमेकांत घुसले होते. ते पुसले, नवीन जोडले, सॉल्व्हर चालवला. ट्रे काठोकाठ भरला.

"दीदी! भरला! अकरावीच्या पोरीने भरला!"

"हुशार आहेस," नूतन म्हणाली.

"आईले सांगू?"

"थांब. उद्या आणखी एकदा चालवून पाहतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल अक्षरं. या वेळी दुसऱ्याच कोपऱ्यात.

"अशी कशी आली?"

"येते," म्हणत नूतन आंघोळीला गेली.

तिचा फोन वाजला. रुचीने उचलून दीदी आंघोळीला गेल्याचं सांगितलं.

"नूतन मॅडमची बहीण का? त्यांना सांगा, ट्रेचा साचा मशीनवर चढला, माल निघायला लागला. त्यांनी मागच्या महिन्यात फाइल पाठवली, तेव्हाच आमचे साहेब म्हणाले होते, एकही चूक नाही. पुढचं काम कधी पाठवू, विचारा."

रुचीने फोन खाली ठेवला. लाल अक्षरांकडे एकदा बघितलं. मग ती अंगणात आली. आई-बाबूजी चहा पीत बसले होते.

"कंपनीचा फोन होता," ती म्हणाली. "काम लई अडकून राहिलं. आजपासून मी पण दीदीसंग बसणार आहे, अन् ते संपल्याशिवाय कोहमाऱ्याले तारखेचा शब्द काढायचा नाही."