बिरजूचा जबाब

"पुन्हा. पहिल्यापासून," मुखरू गुरुजी म्हणाले.

सकाळची शाळा सुटून तास होऊन गेला होता. पोरं केव्हाच घरी पळाली होती. बाहेर चैताचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि गुरुजींच्या पोटात कावळे ओरडत होते. समोर बिरजू उभा. सोमाजी मालगुजाराचा एकुलता एक, वय तेरा, अंगानं आडदांड, आणि आज तोंडातून धड शब्द निघेल तर शपथ.

"मोहाच्या झाडाखाली..." बिरजूनं सुरुवात केली आणि थांबला.

"मंग? कोण होतं तिथी?"

"लालसू होता. फुलं वेचून राह्यला होता."

"आन् तू?"

"मी... मी मागून आलो."

"कोणासंग?"

बिरजूनं मान खाली घातली. गुरुजींनी कपाळावर हात मारला.

"बिरजू, लेका, चौथ्यांदा इचारून राह्यलो. एकटा का कोणासंग?"

"एकटा."

"हां. हे पहिल्याच खेपेला काऊन नाई सांगत?"

या पोट्ट्याचे पराक्रम गावाला तोंडपाठ होते. लालसूची पाटी विहिरीत टाकली यानंच. रानातल्या टोल्यावरून, लालसूच्या वस्तीतून, येणाऱ्या पोरांच्या बसायच्या जागेवर खाजकुयली पसरली, तीही यानंच. गेल्या पोळ्याला तर लालसूच्या पाठीवर झूल टाकून त्याला बैलासारखं गावभर फिरवलं. गुरुजींनी तीन वर्षं दातओठ खाल्ले आणि गप्प बसले. बोलणार काय? मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारजमा झाली तरी शाळा भरायची ती सोमाजींच्या जुन्या कोठारात, आणि गुरुजींचं दोन वेळचं ताट यायचं तेही त्यांच्याच घरून.

एकदाच काय ते गुरुजी वर्गात बोलून गेले होते. मालगुजारी संपली, आता मोह कोणीही वेचावा म्हणून. लालसूनं ते खरं धरलं. परवा पहाटे टोपली घेऊन सोमाजींच्या बांधावरच्या झाडाखाली गेला आणि डोकं फोडून घेतलं. पोरगं चांद्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडलं होतं. त्याची माय बुधरी तिथंच पायरीवर बसून होती. उद्या ठाणेदार जबाब घ्यायला गावात येणार होता, आणि त्यानं कोणालाही विचारलं असतं तरी एकच नाव पुढे आलं असतं.

"कशानं मारलं?"

"काठीनं."

"कोणच्या?"

"बाबाच्या."

गुरुजींनी टेबलावर छडी आपटली. "बाबाचं नाव कायले घेतं? बापाची अब्रू वेशीवर टांगाची हाये का तुले?"

"नाई जी."

"मंग?"

"तेंदूची काठी. मीच तोडली होती."

"कोणत्या हातानं मारलं?"

बिरजूनं उजवा हात पुढे केला. मनगट सुजून टम्म झालं होतं. त्यावर हळदीचा लेप लावून मायनं फडकं बांधलं होतं. गुरुजींनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"सदऱ्यावर रक्त कसं आलं?"

"मी उचललं त्याले. लय जड झाला होता गुरुजी, मान अशी..."

"ते इचारलं का मी?" गुरुजी ओरडलेच. "रक्त कसं आलं, एवढंच इचारलं ना!"

"मारताना उडलं."

"बस. पुढचं पुराण नको."

बिरजू रडायला लागला. गावभरच्या पोरांना रडवणारं हे पोट्टं रडताना गुरुजी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली. ऊन डोक्यावर आलं, भुकेनं जीव चाललाय, आणि हा पालथा घडा काही भरायला तयार नाही!

"मले भेव लागते," बिरजू म्हणाला. "पोलीस नेईन मले."

"तेरा वर्षांच्या पोराले कोणी फासावर नाई देत. पोरांच्या जेलात ठेवतीन वर्षभर, मंग येशीन परत. घराचा इचार कर ना थोडा. तुझी माय दोन दिवस जेवली नाई, मालूम हाये ना?"

"मालूम हाये."

"मंग? एकदाचं सांगून टाकलं का तू बी मोकळा, घर बी मोकळं."

बिरजूनं डाव्या बाहीनं नाक पुसलं. "लालसू वाचन का जी?"

"वाचन."

"शुद्धीवर आला तर तोच सांगन ना ठाणेदाराले?"

गुरुजींनी माठातून पेलाभर पाणी घेतलं, अर्धं स्वतः प्यायले, अर्धं त्याला दिलं.

"पुन्हा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

बिरजू ताठ उभा राहिला. "मी एकटाच होतो. लालसू आमच्या झाडाखाली फुलं वेचून राह्यला होता. मले राग आला. तेंदूच्या काठीनं दोनदा मारलं. उजव्या हातानं. रक्त उडलं. मंग मी पळालो."

एकदाही अडखळला नाही. तीन वर्षांत तेराचा पाढा ज्याच्या डोक्यात शिरला नाही, तो हाच मुलगा!

"जा, जेवून घे," गुरुजी म्हणाले. बिरजू मागच्या दारानं निघून गेला.

गुरुजी बाहेर ओसरीवर आले. खाटेवर सोमाजी मालगुजार सुपारी कातरत बसले होते.

"आटोपलं?" त्यांनी वर न पाहताच विचारलं.

"सांजेला पुन्हा एकदा घोकून घेतो, मालक," गुरुजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "बाकी सारं पाठ झालं. फक्त तुमी काठी उगारली तवा यानं मंधात हात घातला होता, तेवढं इसरत नाई पोट्टं."