होणाऱ्या विहिणीचं मशीन

बॉबिन भरायचं छोटं चाक पुन्हा घसरलं. बॉबिन दोन-चार गिरक्या घेऊन थांबली आणि दोरा सैल पडून राहिला.

मिंतार्जो मान खाली घालून बघत राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेलं शिलाई मशीन पुन्हा कुरकुरत नाही, असं क्लातेनच्या बाजारात सगळे म्हणत. आणि हे तर सुर्तिनीबाईंचं मशीन. होणाऱ्या विहिणीचं.

मुलासाठी त्यांनी सुर्तिनींच्या मुलीला, वेनिंगला मागणी घातली, तेव्हा वडीलधाऱ्याला मारतात ती 'पाक' ही हाक मारून त्या गोड हसून म्हणाल्या होत्या, "होईल की, पाक. वेनिंगचा लग्नात घालायचा केबाया मी माझ्या हातानं शिवणार. तो झाला की तारीख काढू."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे चाक घसरायला लागलं. बॉबिनच भरत नाही म्हटल्यावर शिवायचं कसं?

मिंतार्जोंनी आधी चाकाचं रबर बदललं. मग स्प्रिंग ताणली. मग ते रबर ज्या मोठ्या चाकाला टेकतं, त्याची कड घासली. त्यांच्यासमोर बॉबिन भिंगरीसारखी फिरे. आठवडा उलटला की पुन्हा निरोप येई.

"असू द्या, पाक," सुर्तिनी म्हणाल्या. "माझ्या सासूच्या वेळचं मशीन. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

पहिल्या खेपेला गोड चहा आणि तळलेली केळी समोर आली होती. आज नुसतं पाणी. काम न जमणाऱ्याला आणखी काय मिळणार, असं त्यांना वाटलं.

त्यांनी रबराला बोट लावलं. बोट बुळबुळीत झालं. तेल!

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. या रबराला तेलाचा हात लावू नये, हे शिकाऊ पोरालाही कळतं. गेल्या खेपेला मशीनला तेल दिल्यावर आपण हात पुसले नसणार. त्यांनी गुपचूप रबर पुसलं, बोट लुंगीत लपवलं आणि कुणी भेटू नये म्हणून उसाच्या कडेकडेनं घर गाठलं.

"जगाची मशिनं पळतात आणि विहिणीचंच अडतं होय?" बायको म्हणाली. "टपरीवर हसतात सगळे. तुमची सून म्हातारी होऊनच येणार म्हणे!"

"माझे हात गेले गं," ते म्हणाले.

बायको हसायची थांबली.

पुन्हा निरोप आला, तेव्हा त्यांनी बायकोचं मशीन सायकलरिक्षात घातलं आणि सुर्तिनींच्या दारात नेऊन उतरवलं.

"हे काय, पाक?"

"ठेवून घ्या. झकास चालतं. मी याला कधी हात लावलेला नाही." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "खोटं कशाला बोलू, सुर्तिनीबाई. तुमच्या रबराला माझ्याच हाताचं तेल लागलं होतं. मी ते लपवलं. माझ्या चुकीपायी पोरांचं लग्न अडायला नको. केबाया यावर शिवा."

सुर्तिनींनी मशीनवरून हात फिरवला. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तेल मी लावत होते, पाक. दर वेळी मी या लग्नाला नाहीच म्हणत होते. आणि तुम्ही दर वेळी दुरुस्त करून जात होता."