चर्चखालचं वळण

टेनेसीच्या डोंगरातलं ते चर्चखालचं वळण दिसलं आणि डार्लाने स्टिअरिंग घट्ट धरलं. गेल्या उन्हाळ्यात इथेच तिने गाडी कुंपणात घातली होती. त्यानंतर आज पहिल्यांदाच ती स्टिअरिंगला बसली होती. "दोष तुझा नाही गं. अडुसष्ट सालची दांडगी गाडी, वळणावर बाहेर फेकते," असं म्हणत तिच्या वडिलांनी, वेंडेलनी, अख्खा हिवाळा गॅरेजात काढला होता. पुढचं सस्पेन्शन नव्याने बसवलं, चाकांचा कलही बदलला.

"वळव आता. बाहेर पडताना पकड सैल सोड, चाकं आपणहून सरळ होतील," शेजारी बसलेले वेंडेल म्हणाले.

तिने दात आवळून वळवलं. गाडी रस्त्याला धरून राहिली. सैल हातांतलं स्टिअरिंग अलगद सरळ झालं.

तिने गाडी कडेला घेतली.

"डॅडी, त्या दिवशी गाडीने फेकलं नव्हतं. मी फोन बघत होते."

वेंडेलनी डॅशबोर्डवरून हात फिरवला.

"सस्पेन्शन खोलण्याआधीच चाकांची मापं घेतली होती मी. सगळी जागच्या जागी होती," ते म्हणाले. "चल पोरी, पुढचं वळण जास्त अवघड आहे. वेग आधीच कमी कर."