परत या

"टिपणीससाहेब, तुमच्या पुस्तिकेत चूक एकच आहे, पण चाळीस वेळा," मी फोनवर म्हटलं. आमच्या ग्रंथालयातला जुना संगणक प्रदर्शनात मांडणार होते. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची मराठी पुस्तिका साहेबांनीच लिहिलेली. ती तपासायला आता माझ्याकडे आली होती.

"'रिटर्नची कळ दाबा' हवं तिथे तुम्ही 'परत या' लिहिलंय."

ते खळखळून हसले. "अहो बाई, मग तुम्ही शिकलात कशा?"

"लिहिलंय तसंच. आज्ञा टाइप करायची, उठायचं, तुमच्या टेबलामागच्या माठापर्यंत जायचं आणि परत यायचं."

"मला वाटायचं, या बाईंना तहान फार. बरं, चूक लक्षात कधी आली?"

मी लाल पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. काहीतरी ठोकून देणं सोपं होतं. वीस वर्षं न सांगता निभावलंच होतं की.

"दुसऱ्याच दिवशी."

साहेब हळूच म्हणाले, "तरी तीन वर्षं माठापर्यंत येत होतात?"

"तुमची बदली होईपर्यंत."