पात्यावरचे ठसे

कटाना धार वर करून ठेवायची आणि पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामाने गंज चढतो, हे मी घरात दहादा बजावलं होतं. तरी महिन्याभराने जहाजावरून बेडोक भागातल्या आमच्या फ्लॅटवर आलो, म्यानातून ती जपानी तलवार काढली, तर पात्यावर बोटाचा तांबूस ठसा.

“जया, हात कोणी लावला?”

“अहो, खंडेनवमीला तिचीही पूजा केली. कुंकवाचं एकच बोट टेकवलं, लगेच पुसलंसुद्धा.”

मी पातं उलटं केलं. दुसऱ्या बाजूला चार ठसे होते, कोणी पातं हातात घट्ट धरून ठेवावं तसे.

“हे माझे नाहीत,” जया म्हणाली.

लेकीला, ईशाला, विचारलं. “नॉट मी लाह, बाबा,” ती इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली.

माझा दोघींवरही विश्वास बसेना. त्यांची बोटं ठशांशेजारी धरून पाहिली. ठसे फार रुंद होते. मग जया माझ्या हाताकडे बघत राहिली.

तेल देऊन तलवार म्यानात घातली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशातच ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर आणखी चार ठसे, मुठीकडे वीतभर सरकलेले.

आज सकाळी पुन्हा कुलूप काढलं. डाव्या हातात म्यान धरलं, उजव्याने मूठ ओढली. तलवार चार बोटं बाहेर आली आणि आतून कोणीतरी ती हळूच मागे ओढली.

“जया, सोड!” मी ओरडलो.

“काय सोडू?” तिने किचनमधून विचारलं.